चार दिवस झाकलेली गोष्ट

मोरीत बसून मावशी ओली चादर चोळत होती आणि, खोटं कशाला बोला, मनातून सुखावली होती! बारा वर्षांची भाची भिंगरी कसरतीच्या दांडीवरून बुडावर आपटली त्याला चार दिवस झाले. एक्स-रे साफ निघाला, मुका मार म्हणून गोळ्या मिळाल्या. पण पोरीला रोज अंथरुणात लघवी होत होती, बसायच्या जागेला बधिरपणा आला होता, आणि हे तिने फक्त मावशीला सांगितलं होतं. "आईला सांगू नकोस हं."

आई! थोरली बहीण गेल्यावर स्वतःच्या लग्नावर पाणी सोडून या लेकराचं सहा वर्षं केलं ते मावशीने, आणि मेहुण्यांनी लग्न करून आणलेली ही नवी दीड वर्षात आयती आई झाली... होऊ दे. गुपित तर माझ्यापाशीच आहे!

कळा थांबेनात म्हणून पाचव्या दिवशी नवीनेच हट्टाने हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. मावशीही गेली. डॉक्टरांनी कण्याच्या तळाशी बोट दाबताच भिंगरी कळवळली.

"लघवीवर ताबा आहे ना?"

"हो, तसलं काही नाही," नवी विश्वासाने म्हणाली.

भिंगरीने मावशीकडे पाहिलं, डोळ्यांनीच विनवलं. गप्प बसलं तर पोर आपली राहणार होती... मावशीने तिच्यावरची नजर काढून डॉक्टरांकडे वळवली.

"रोज होतंय अंथरुणात. चादरी मी धुते," ती म्हणाली.

भिंगरीने तोंड फिरवलं. लगेच सीटी स्कॅन झाला. "कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड मोडलंय," डॉक्टर म्हणाले. "मुलांत हे साध्या एक्स-रेत निसटतं. तुकडा नसांवर दाबतोय, आजच ऑपरेशन करू. ताबा परत येईल याची खात्री नाही देत. आधी कळायला हवं होतं."

बाहेरच्या बाकावर मावशी कोसळली. "जळत होते गं मी तुझ्यावर. पोर जन्माची अधू झाली तर ते पाप माझं."

नवी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "राग तर आलाय, ताई. पण जळत मीही होते. दुखलंखुपलं की तिच्या तोंडून मावशीच निघते. मी आपली हाकेपुरती आई."

दोघी एकाच पदराला डोळे पुसत रडल्या.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी नर्सने लघवीची नळी काढली. भिंगरी अजून मावशीशी बोलत नव्हती, म्हणून मावशी दाराबाहेरच होती. तासाभराने नवी धावत आली. "ताई, लघवी लागल्याचं कळलं तिला! आपणहून सांगितलं मला."

मला... मावशीच्या काळजात बारीकशी कळ उठलीच, जुनं दुखणं ते! पण डोळ्यांतून पाणी वाहत असताना बेडपॅन आणायला धावली ती मावशीच, आणि आणून दिला तो नवीच्या हातात.