भोंग्याच्या सुट्टीतली बाई

मावशीनं पुन्हा थापा सुरू केल्या म्हणाल. म्हणा. पण त्या दिवशी मी माधवनगरला गेले होते ती निव्वळ अळिवाचे लाडू पोचवायला.

भाची क्रांती पहिलटकरीण. बाळ अंगावर पीत नव्हतं. ते रडे, मग ही रडे, आणि अख्खी आळी सल्ले द्यायला हजर. सासू शालूबाई तर खोलीच्या दारातच ठाण मांडून.

"दूधच न्हाई तिला. पावडरीचा डबा आणा म्हणतीय मी कवापासनं!"

"आवं, जरा बाहेर बसा की!" म्हणून मी त्यांना ओसरीवर पिटाळलं.

दवाखान्यातल्या पूजा सिस्टरनं क्रांतीला सांगितलं होतं, भीतीशी भांडू नको. 'भीती वाटतीय' एवढंच मनात म्हण, खांदे सैल सोड, श्वास बघ. जे जाणवेल ते असू दे, हाकलू नको.

"मला त्येबी जमत न्हाई!" क्रांती खेकसली. "श्वास बघाय लागले की वाटतं, त्योबी चुकीचा घेतीय."

"मग चुकीचा घे. पण घे बाई एकदा!"

तिनं डोळे मिटले. दिवेलागणीची वेळ, त्यात वीज गेली. पंखा थांबला तशी खोली एकदम खोल झाली. बाळही गप्प. आणि लांबून भोंगा वाजला... गिरणीचा.

ज्या भोंग्याच्या सुट्टीत कामकरी बाया तान्ह्यांना पाजायला घरी पळत, ती गिरणी बंद पडून किती वर्षं झाली, ते माधवनगरात कुणालाही विचारा.

मग वास आला. यंत्राच्या तेलाचा, कच्च्या कापसाचा, आणि ओल्या, आंबूस दुधाचा...

"भीती वाटतीय," क्रांती पुटपुटली. "असू दे... मावशी, तुजा हात लय गार हाय गं."

मी भिंतीला टेकून उभी होते. माझे दोन्ही हात माझ्याच पदरात.

"तू वाकू नगंस," बाईमाणसाचा आवाज आला. दमलेला, वैतागलेला, पळत आल्यासारखा. "त्याला वर घे. हनुवटी आधी लाव..."

अंधारात घुटका ऐकू आला. मग दुसरा... क्रांतीचे खांदे सैल पडले. गावभर भुतं सांगत फिरणारी मी, माझी बोबडी वळलेली!

पुन्हा भोंगा.

"सुट्टी सपली. येते."

निघताना 'जाते' म्हणू नये, हे तिलाही ठाऊक. ते ठीक हो! पण आमच्या कार्टीनं, डोळे मिटूनच, घरच्या वळणानं काय म्हणावं?

"या हं. रोज या."

मी कपाळावर हात मारून घेतला. वीज आली. बाळ पोटभर पिऊन झोपलं होतं.

तेव्हापासून बाळ बाळसं धरतंय, आणि बाई रोज येतीय. काल क्रांतीचा फोन आला, कुजबुजत, चिडून.

"मावशी, आता मला समदं जमतंय. पण ही उठंना गं... 'माज्याकडं दे' म्हणतीय. मी बाळाला पाळण्यात ठिवून ओसरीवर आलीय. काय करू?"

मी काही बोलणार, तेवढ्यात तिच्यामागं, आत खोलीतून ऐकू आलं...

घुटका. मग दुसरा.