क्रमघोष

त्या एकोणीस मजली इमारतीत भोंगा नव्हता. छतात जागोजाग बारीक जाळ्या होत्या. टॉर्चचा झोत एकाच वस्तूवर पडावा, तसा त्यांतून निघणारा आवाज एकाच माणसाच्या कानावर पडायचा. शेजारच्यालाही ऐकू जायचा नाही. आग लागली की 'क्रमघोष' ही यंत्रणा एकेकाला नावानं हाक मारून जिना दाखवायची, म्हणजे चेंगराचेंगरी होत नसे.

ती बसवली होती अग्निसुरक्षा अभियंता वसुधा खरमाटेनं. तिचा नवरा दिनकर याच इमारतीत, सोळाव्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत दार लावून नकाशे काढायचा. त्याच्या अधू पायाला कॅलिपरचा आधार होता. यंत्रासाठी प्रत्येकाचा उतरण्याचा वेग मोजताना तिनंच त्याला जिना उतरायला लावला. "तुझा वेग यंत्राला कळला की तुला सगळ्यांत आधी हाक येईल," ती म्हणाली होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी चौदाव्या मजल्यावर आग लागली. दोनशे सहा माणसं जिन्यानं उतरली. दिनकरला जवानांनी खिडकीतून काढलं, तेव्हा तो बेशुद्ध होता.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात तो बोलला. "हाक आली तेव्हा खोलीत धूर भरला होता, वसुधा."

तिनं नोंदी तपासल्या. बाकीच्यांना पहिल्या पाच मिनिटांत हाका गेल्या होत्या, दिनकरला अकराव्या मिनिटाला. बिघाड कुठेच नव्हता. ती यंत्रणेचे जनक डॉ. मोहोळकर यांच्याकडे गेली. ते तिचे शिक्षक.

"जिना अरुंद असतो," ते शांतपणे म्हणाले. "सावकाश उतरणारा पुढे असला की मागचे अडकतात. त्याला शेवटी बोलावलं तर जास्त माणसं वाचतात."

"तुम्ही मला उलटं सांगितलं होतं, सर."

"खरं सांगितलं असतं तर तू दिनकरला जिन्यावर चालवलं असतंस?"

वसुधा उठली. पंधरा वर्षं ती या माणसाचा शब्द न तपासता पुढे सांगत आली होती. दिनकरलाही.

यंत्रणा बंद करावी, असा अहवाल तिनं दिला. महिन्याभरात इमारतीतल्या लोकांचा अर्ज आला : क्रमघोष चालू राहावा. सह्यांत हेमांगीचंही नाव होतं. ती दिनकरच्या शेजारच्या खोलीत बसायची. दुपारचा डबा दोघं एकत्र खायचे. वसुधा तिला जाऊन भेटली.

"निघताना तू त्याचं दार का नाही वाजवलंस?"

"मला वाटलं, त्यांना हाक गेली असणार. आपापली येतेच ना, ताई." हेमांगीचे डोळे भरले. "घरी दोन लहान मुलं आहेत माझी."

"आता तुला खरं माहीत आहे. पुढच्या वेळी वाजवशील?"

हेमांगीनं डोळे पुसले.

"यंत्र दर वेळी उतरताना प्रत्येकाचा वेग नव्यानं मोजतं, ताई," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी थांबले, तर माझाही वेग कमी भरेल. मग त्यानंतरच्या आगीत मलाही उशिरा हाक येईल."