निरोप पुन्हा वाचतो

गिझो बेटाच्या बाजारात, ऐन सकाळी, मेल्वाच्या हातातून मासा निसटला, धक्क्यावरून घरंगळला आणि पाण्यात पडून चक्क पोहत निघून गेला. मेलेला मासा पोहतो कसा, हे मला विचारू नका. विकणाऱ्या नेस्टा मावशीने ते डोळ्यांनी पाहिलंय, आणि तिच्या शपथेच्या वाटेला गिझोत कुणी जात नाही.

मासा निसटला याला मात्र कारण होतं. मेल्वाच्या मागून एक आवाज आला होता.

"मावशी, हा ताजा म्हणतेस? याचे डोळे माझ्या आजोबांपेक्षा म्हातारे आहेत गं!"

तोच आवाज...

दोन वर्षं मेल्वा त्या आवाजाच्या सोबतीने जगली होती. मेलबर्नमधल्या तिच्या खोलीत हिवाळा भिंतीतून झिरपायचा, आणि ती पांघरुणात शिरून, कानात इअरफोन घालून, इंटरनेटवरून घरच्या बेटांवरच्या रेडिओचे निरोप ऐकायची. "सिंबोच्या एलिसासाठी, भावाकडून. डुक्कर पोचलं, काका पोचले नाहीत. पुढच्या बोटीने काका पाठवा." तो आवाज हे सगळं असं वाचायचा, जणू समुद्र स्वतः किनाऱ्याच्या कानात सांगतोय. जागतिक माध्यमं आणि संवाद, असा तिच्या पीएच.डी.चा भारदस्त विषय. बरोबरीचे लोक उपग्रहांवर लिहीत होते, मोठमोठ्या वाहिन्यांवर लिहीत होते. रानोंग्गा बेटाची ही पोर लिहीत होती डुकरांवर आणि काकांवर.

आवाजाचा धनी पांढऱ्या दाढीचा असणार, असं तिने मनाशी धरलं होतं. वळून पाहिलं तर शिडशिडीत तरुण, ओठ सुपारीने लाल, कानामागे पांढरा चाफा.

"तुम्ही... तुम्ही निरोप वाचता ना?"

"हो. आणि तुम्ही मासे सोडता," विल्टन म्हणाला. "प्रत्येकाचा काहीतरी उद्योग असतो."

अभ्यासासाठी आलेली मेल्वा नेस्टा मावशीकडेच उतरली होती. त्या दिवशी मावशीने तिला दोन्ही वेळा नुसता उकडलेला कसावा कंदच जेवायला घातला. मासा सोडल्याची शिक्षा!

तीन-चार दिवसांत मेल्वा टेकडीवरच्या रेडिओ केंद्रात जाऊन पोचली. विल्टनपुढे तिने संमतीचा कागद ठेवला.

"इथे सही करा. तुम्ही माझ्या अभ्यासात भाग घेताय. वाटलं तर कधीही माघार घेता येईल. कारण सांगावं लागणार नाही."

"कारणसुद्धा नाही?" त्याने डोळे विस्फारले. "अहो, एवढी सवलत आमच्याकडे नवऱ्या मुलालाही नसते!"

मग दुपारमागून दुपार गेली. बाहेर पत्र्यावर पाऊस तडतडायचा, ओल्या मातीचा आणि तापलेल्या जुन्या यंत्राचा एकत्र वास यायचा, आणि मेल्वा प्रश्न विचारायची. विचारायची एक आणि पाहत राहायची भलतंच... त्याची बोटं, तो बोलताना हलणारं ते कानामागचं फूल. केंद्राचा नियम त्याने तिला सांगितला. निरोप जसा लिहून आलाय तसाच वाचायचा. पदरचा एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही. आणि प्रत्येक निरोप दोनदा वाचायचा.

"दोनदा का?"

"पहिल्यांदा वाचतो तेव्हा घरातले एकमेकांना गप्प करत असतात. 'अरे थांब, आपला आहे, आपला आहे!' ऐकतात ते दुसऱ्यांदा."

मेल्वाने हे लिहून घेतलं. मान वर केली तेव्हा तो तिच्याकडेच पाहत होता. पाऊस थांबलाय हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं.

एका संध्याकाळी त्याने तिला होडीतून खाडीपलीकडे नेलं. पाणी इतकं निवांत होतं की ढग खाली उतरून अंघोळ करत होते. विल्टनने वल्हं आत घेतलं. त्याचा हात तिच्या हातापासून वितीवर... मग बोटावर... मग—

"नको," मेल्वा म्हणाली.

"मी आवडत नाही?"

"तेच तर! आवडतोस." ती पाण्याकडे पाहत बोलली. "ज्याच्या मुलाखती घ्यायच्या त्याच्यात गुंतायचं नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. गुंतले तर तुझं सगळं बोलणं बाद. आणि माझ्या पीएच.डी.च्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण म्हणजे फक्त तूच आहेस, विल्टन. ते गेलं तर पदवी गेलीच समज. माझ्या आईने खोबरं वाळवून वाळवून मला शिकवलंय रे..."

त्याने वल्हं उचललं. येताना ढग पाण्यातच राहिले.

त्यात मेलबर्नहून तिच्या प्राध्यापिकाबाईंचा फोन. "मेल्वा, तिसरं प्रकरण सुरेख आहे. पण यात नुसता बोलणारा आहे गं. ऐकणारे कुठे गेले?"

आता काय सांगायचं? ऐकणाऱ्यांना विचारत ती सगळ्या बेटांवर हिंडली होती. लोक पाहुणीला शहाळं द्यायचे आणि गोड हसायचे. "हो बाई, ऐकतो की. छान असतं." पुढे शब्द नाही.

ती परत जायच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी मावशी नारळ खवत होती, रेडिओ खिडकीत होता. आणि तो आवाज म्हणाला,

"निरोप. गिझोत नेस्टा मावशीकडे उतरलेल्या मेल्वासाठी, विल्टनकडून. मी तुझ्या अभ्यासातून माघार घेतोय. कारण सांगायची सक्ती नाही, तरी सांगतो. मला तुझ्या पुस्तकात राहायचं नाही. तुझ्या घरात राहायचंय. निरोप पुन्हा वाचतो..."

मावशीची खवणी थांबली. शेजारचं मूल रडायचं थांबलं. खाडीतले मासे उडी मारून हवेतच थबकले, असं म्हणतात.

मेल्वा मात्र उसळली. "मूर्ख! माझं सगळं काम! मला विचारायचं तरी!"

"अगं, विचारलंच की," मावशी म्हणाली. "सगळ्या बेटांसमोर विचारलं."

"त्याने सांगितलं, मावशी. विचारलं नाही." तिने खाटकन रेडिओ बंद केला. "प्रकरण माझं होतं. टाकायचं की ठेवायचं, ते मी ठरवलं असतं."

मावशी पुन्हा नारळ खवू लागली. मेल्वाने विल्टनच्या मुलाखती पुसून टाकल्या, कारण नियम म्हणजे नियम. टेकडीकडे ती फिरकलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीच्या दारात होड्या लागायला लागल्या.

सिंबोची एलिसा आली. "मी उकिरड्यावर होते बाई, हातात कोंबडी. ऐकलं आणि कोंबडी सुटली! आमच्याकडे रेडिओ नाही, शेजारणीकडे आहे, ती डोंगरावरून ओरडून सांगते..." वेला बेटाचे मास्तर आले. त्यांनी म्हणे निरोप ऐकून शाळेची घंटा बडवली, तेव्हा पलीकडच्या गावाने चर्चची वाजवली. एक म्हातारा तर भांडायलाच आला. त्याच्याकडे बातमी पोचेपर्यंत मेल्वाचं लग्न होऊन तिला जुळी झाली होती!

"आजोबा, थांबा, थांबा... तुमच्यापर्यंत कुणी आणली? कशी?"

"तेच तर सांगतोय, पोरी! बस खाली."

मेल्वा बसली. ती कागद पुढे करायची, लोक सह्या करायचे, आणि बोलायचे... थांबायचेच नाहीत. जे महिनोन् महिने विचारून मिळालं नाही, ते आता होड्या भरभरून दारात येत होतं. प्राध्यापिकाबाईंना तिने सगळं उघड सांगितलं. निरोप कुणाचा, कुणासाठी, काहीच लपवलं नाही. बाई मग म्हणाल्या, "ते पहिल्याच पानावर लिही. आणि या लोकांच्या बोलण्याचं नवं तिसरं प्रकरण कर." पुढे हळूच विचारलं, "उत्तर दिलंस का त्याला?"

निघायच्या आदल्या संध्याकाळी मेल्वा टेकडी चढली. काचेपलीकडे विल्टन बसला होता, कानामागे फूल नव्हतं. तिने निरोपाचा कागद काचेखालच्या फटीतून इतरांच्या कागदांमध्ये सारला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

तो एकेक वाचत गेला. मग तिचं अक्षर दिसलं. त्याने काचेतून पाहिलं. तिने भुवई उंचावली. नियम आहे ना? वाच.

"निरोप," विल्टन म्हणाला. "विल्टनसाठी, मेल्वाकडून. माघार मंजूर. पुन्हा माझ्या वाटचं काही मला न विचारता टाकलंस, तर होडीतून ढकलून देईन. नवं प्रकरण लिहितेय, त्यात ऐकणारे आहेत, तू नाहीस. म्हणून आता तुझ्यात गुंतायला हरकत नाही... तशी मी मेलबर्नमध्येच गुंतले होते. पुस्तक पुरं करून येते. तोवर रोज संध्याकाळी ऐकेन. मी परतले की रानोंग्गाला आईकडे मला मागणी घालायला ये. डुक्कर आण. काकांना विसरू नकोस."

मग रेडिओवर नुसती खरखर. सगळ्या बेटांवर माणसं एकमेकांना गप्प करत होती.

"निरोप पुन्हा वाचतो," विल्टन म्हणाला, काचेतून तिच्याकडे पाहत.

नियम तर दोनदाच वाचायचा होता. त्याने तो निरोप किती वेळा वाचला यावर आजही बेटाबेटांत वाद आहे. बाकीचे निरोप त्या संध्याकाळी राहूनच गेले. सिंबोच्या एलिसाचं डुक्कर त्यापायी बोटीवर चढलं नाही. ती अजून दोघांना शिव्या देते, आणि त्यांच्या लग्नात सगळ्यात जास्त नाचलीही तीच.