वीस अक्षरं

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस लाल बटण दाबतो, तेव्हा फोन माझ्याकडे येतो. माणूस आधी देवाचं नाव घेतो, मग आमच्या कंपनीच्या सात पिढ्यांचं. मी "घाबरू नका" म्हणतो. त्याचाच पगार मिळतो.

थट्टेचे फोन फार येतात. थट्टेखोर आळशी असतात, तेच तेच बोलतात, असं साहेबांचं मत. म्हणून मी प्रोग्राम लिहिला. अडकलेल्याचं बोलणं पडद्यावर आपोआप टाइप होतंच. अकरा वर्षांचे फोन घेतले, प्रत्येक अक्षरापासून शेवटापर्यंतची शेपटी कापली आणि सगळ्या शेपट्या शब्दकोशासारख्या क्रमाने लावल्या. सारख्या शेपट्या आपोआप शेजारी येतात. शेजाऱ्यांचं जुळतं असं जगातलं हे एकच ठिकाण. नव्या फोनातली सलग वीस अक्षरं जुन्याशी जुळली, की लाइन कट. एखादा खरा माणूसही कटेल, मी म्हणालो. साहेब म्हणाले, कटू दे, पुढच्या वेळी जिना चढेल. प्रोग्राम थांबवायचं बटण मी ठेवलं नाही. साहेबांना बटणं आवडत नाहीत.

चाचणीतच एक वाक्य बारा वेळा सापडलं. बारा इमारती, बारा माणसं. 'इथं दुसरं कोणीच नाही, तरी माझ्या मागे कोणीतरी श्वास घेतंय.'

मेकॅनिककाकांना विचारलं. ते म्हणाले, "बाराही वेळा गेलो बाबा. लिफ्टचा डबा रिकामा. घरी चौकशी केली तर माणूस घरी, निवांत जेवतोय."

म्हणजे थट्टाच. साहेब खूश झाले.

मंगळवारी सकाळी अकराला ताईचा आवाज आला. तिच्या ऑफिसची लिफ्ट अडकली होती. मी म्हणालो, आमच्या धंद्यात चढउतार फार. हा विनोद पुन्हा केलास तर ताटावरून उठेन, अशी तिची कायमची धमकी होती. या वेळी तिने धमकी दिली नाही.

"इथं दुसरं कोणीच नाही," ती हळू म्हणाली, "तरी माझ्या..."

पडद्यावरचा जुळलेल्या अक्षरांचा आकडा चौदावर गेला.

"ताई, थांब. दुसरं काहीतरी बोल. कोणालाच माहीत नसलेलं."

आकडा शून्यावर आला. तिचा श्वास ऐकू येत होता. जरा जास्तच.

"तुझा पुढचा दात मीच पाडला होता," ती म्हणाली. "आईला खोटं..."

सतरा. अठरा. एकोणीस.

"ताई, गप्प बस."

"...सांगितलं."

लाइन कट.

जुळलेला फोन नऊ वर्षांपूर्वीचा होता. दुसरी इमारत, कोणी म्हातारे गृहस्थ.

मी परत लावला, कोणी उचलला नाही. काकांनी जाऊन दार उघडलं. डबा रिकामा. साहेब म्हणाले, "बघ, घरचेसुद्धा थट्टा करतात."

संध्याकाळी घरी गेलो तर ताई जेवत होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, आमच्या धंद्यात चढउतार फार.

ती खळखळून हसली. आईला बरं वाटलं.

मी विनोद पुन्हा सांगितला. ती पुन्हा हसली.

तिसऱ्यांदा सांगितला तेव्हा मी मोजलं. सात वेळा 'हा', एक ठसका, मग पाण्याचा घोट. चौथ्यांदाही तेवढंच. तोवर भांड्यातलं पाणी संपलं होतं, तरी तिने घोट घेतला.