तैस्तोकाकांचं नवं यंत्र

"गिअर तुटलाय. पार्ट शहरातून येईल, तोवर रस्ता साफ होणार नाही," असं बाबांना सांगून, रस्त्यावरचा बर्फ काढायचं काम असलेल्या तैस्तोकाकांनी फोन ठेवला.

गोठ्यात ओमेना गाय विताना अडली होती. गुरांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी खाली वळणावर बर्फात रुतलेली. सायमीने ओमेनाला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. तिला रडूच फुटलं.

"रडतेस काय? चल, गिअर बघून येऊ," धाकटा भाऊ ओत्सो म्हणाला.

दोघं स्कीवरून सुटली. काकांच्या घराजवळ ट्रॅक्टर बंद उभा होता, मागे बर्फ उडवायचं नवंकोरं यंत्र. ओत्सोने त्याच्या नळीत स्कीची काठी खुपसली. काठी आत जाईना.

"तुटलंय कुठे? ओल्या बर्फाचा बोळा बसलाय."

"एवढी अक्कल नाही या माणसाला!" सायमी फणकारली. "हे यंत्र कोरड्या, भुसभुशीत बर्फासाठी. कालपासून बर्फ पाघळतोय. असला गिच्च बर्फ ट्रॅक्टरला रुंद लोखंडी पातं लावूनच लोटायचा असतो. शेंबड्या पोरालाही कळतं."

"पातं कसं लावतील? या रस्त्यावरच्या घरमालकांच्या सभेत छाती फुगवून म्हणाले होते ना, आता पातं भंगारात. म्हणून ही गिअरची थाप."

काका आत आरामात कॉफी पीत होते. गाय मरेना का, यांचा तोरा शाबूत राहिला पाहिजे. सायमीला त्यांची किळस आली, पण आवाज तिने गोड काढला.

"काका, तुम्ही बसा. तुलिक्कीबाई येतायत पातं घेऊन."

शेजारच्या गावच्या तुलिक्कीबाई दर सभेला रस्ता साफ करायचं काम मागायच्या.

"ती भवानी? माझ्या रस्त्यावर?" कप तसाच टाकून काका धावले. लाकडांखालचं जुनं पातं निघालं, ट्रॅक्टरला लागलं आणि बघता बघता वळणापर्यंत रस्ता मोकळा झाला.

तुलिक्कीबाई तेव्हा स्पेनमध्ये ऊन खात पडल्या होत्या. पोरांना ते ठाऊक होतं.

वासरू जिवंत निघालं. डॉक्टरीणबाई हात धूत म्हणाल्या, "आणखी उशीर झाला असता, तर दोघंही गेली असती. शाब्बास पोरांनो, डोकं आहे तुम्हाला."

"मी रस्ता साफ केला म्हणून—" तैस्तोकाकांनी तोंड उघडलं.

"तू गप्प बस, तैस्तो," बाबा म्हणाले. "सभेत ही दोघं बोलतील, आणि तू ऐकशील."

आईने सगळ्यांना कॉफी ओतली. काकांपुढे कप ठेवला नाही.