गाडी वळते तिथे

"तो सुटला नाही तरी चालेल," बाई म्हणाल्या, "पण त्यानं केलं का नाही केलं, तेवढं मला सांगा."

भाऊजींचा कप ओठांपाशीच थांबला. वहिनींकडे नवऱ्यावर पाळत ठेवा म्हणणाऱ्या बायका येत, मुलाला काहीही करून सोडवा म्हणणाऱ्या आयाही येत. अशी मागणी पहिल्यांदाच आली होती.

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींना स्कूटरवरून नेत-आणत आणि वाटेत चुकीचे तर्क करत.

बाईंच्या मुलाला सगळी गल्ली फटाक्या म्हणे. त्यानं मोटरसायकलचा मूळ सायलेन्सर काढून बाजारातला दणक्याचा पाइप बसवला होता. गल्ली अरुंद आणि पुढे बंद. फटाक्याचं घर तोंडाशीच, पण गाडी वळवायला जागा फक्त टोकाला, म्हाताऱ्या कंपाउंडरच्या दारापुढे. त्यामुळे रोज स्वतःचं घर ओलांडून टोकापर्यंत जायचं, तिथे गुरगुरत वळायचं आणि परत यायचं. एकदा कंपाउंडर भांडायला बाहेर आले, तेव्हा फटाक्या चारचौघांत ओरडला होता, "एक दिवस तुमचाच आवाज बंद करतो!"

मंगळवारी दुपारी कंपाउंडर आपल्याच व्हरांड्यात, कठड्याआड मेलेले सापडले. कुणीतरी मागून डोक्यात हातोडा घातला होता.

"गाडीचा आवाज सगळ्यांनी ऐकला," बाई सांगत होत्या. "मीही. मागच्या मोरीत कपडे धूत होते. आतून, कंपाउंडरच्या घराकडून आवाज आला. गाडी थांबली, जरा वेळानं पुन्हा चालू झाली. पोलिसांनी विचारलं, मी सांगून टाकलं. तेव्हा कुठे ठाऊक होतं काय झालंय ते?"

"दारावरून गेलेली ऐकलीत?"

"नाही वाटतं. आतूनच आला, एकदम."

"गाडी पाहिली कोणी?"

"आवाज आला की सगळे खिडक्या लावून घेतात हो. बघतंय कोण?" बाईंचे डोळे कोरडे होते. "तो म्हणतो, गावाबाहेरच्या रस्त्यावर एकटाच फिरत होतो. मी भेटायला गेले, तर भिंतीकडे तोंड करून बसला."

कोठडीत फटाक्या अजून तसाच बसला होता.

"आईनं पाठवलंय? मग तिलाच विचारा. तिनं सगळं ऐकलंय."

"अरे, पण असला पाइप बसवतात कशाला?" भाऊजींना राहवेना.

"मोबाइलवर ऐकून घेतला. तिथे नुसता तडतड वाजायचा. बसवून चालू केला, तर पोटात आतडी हलली." क्षणभर तो फटाक्याच झाला. "मग आवडला."

"कंपाउंडरशी पुन्हा भांडलास?" वहिनींनी विचारलं.

"नाही. उलट परवा म्हातारा म्हणाला, वळताना जरा थांबत जा, घाई करू नकोस. टोमणा असणार. दुसरं काय?"

कंपाउंडरच्या घरासमोर शिंप्याचं दुकान होतं. तोंडात टाचण्या धरून बोलायची शिंप्याला सवय होती.

"कंपाउंडरशी तुमचं कसं होतं?"

"बोलणं बंद. त्यांच्या पन्हाळीचं पाणी माझ्या पायरीवर पडतं. पण म्हणून हातोडा? मी कापड कापतो, बाई."

"आणि गाडीचा त्रास?"

शिंप्यानं टाचण्या काढल्या. विषय जिव्हाळ्याचा होता. "हे टेबल बघा. चॉकची रेघ मारताना गाडी आली की झाली नागमोडी. त्यापायी एकाचा कोट एका बाजूनं आखूड झाला. तो म्हणे, मी काय एका बाजूनं कमी जेवतो?"

"मंगळवारी?"

"कंपाउंडरचा पुतण्या इथेच होता, पँटचं माप द्यायला. मी त्याच्याच कापडावर रेघ मारत होतो. आवाज सुरू झाला तसा तो म्हणाला, आला बघा राक्षस! मी म्हटलं, माझा हात गुंतलाय, तूच लाव दार-खिडकी. गाडी जाईपर्यंत आम्ही दोघं इथेच."

"ते कापड दाखवता?"

राखाडी कापडावर पांढरी रेघ कमरेपासून घोट्यापर्यंत पट्टीनं आखल्यासारखी गेली होती. वहिनींनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"सुबक हात आहे तुमचा," त्या म्हणाल्या.

"हाच तो," बाहेर पडताच भाऊजी कुजबुजले. "पन्हाळीवरून खून झालेत, वहिनी."

"तुमच्या स्कूटरवरूनही होतील. चला."

कंपाउंडरच्या घरात जिन्याखाली एक मोठा कर्णा ठेवलेला होता. पुतण्या भाड्याच्या रिक्षातून दुकानांच्या सेलच्या घोषणा करत फिरे. त्याचा आवाज बसलेला होता, दुःखानं की धंद्यानं, सांगणं कठीण.

"काका तक्रारीवर सही करेनात," तो म्हणाला. "मीच वरच्या खिडकीतून पुरावे गोळा केले." त्यानं फोनवर गाडीचे आवाज ऐकवले. एकामागून एक, तारीखवार. "ऐकलं असतं त्यांनी माझं, तर आज जिवंत असते."

"आता पुढे काय?"

"आक्काला आश्रमात ठेवायचं. घराला गिऱ्हाईक कधीचं तयार आहे. पण काकांचं एकच पालुपद, आक्का आहे तोवर घर हलणार नाही."

आक्का म्हणजे कंपाउंडरची थोरली बहीण. "तिला विचारून उपयोग नाही," पुतण्या म्हणाला, "ठार बहिरी आहे. पोलिसांनीही विचारलं नाही."

मागच्या खोलीत लोखंडी पलंगावर आक्का बसल्या होत्या. खिडकीबाहेर हातभरावर शेजारची भिंत. त्यांचा तळवा पलंगाच्या दांड्यावर होता.

"स्कूटरवरून आलात ना?" त्या भाऊजींना म्हणाल्या. "फार मिळमिळीत आहे हो तुमची."

भाऊजींचा चेहरा पडला. वहिनींनी उशाशी ठेवलेल्या पाटीवर लिहिलं: मंगळवारी फटाक्या आला होता?

"सकाळी येऊन गेला. दुपारी नाहीच आला. मी वाट बघत होते." आक्कांनी दांड्यावरून तळवा फिरवला. "दिवसातून तेवढंच तर मला ऐकू येतं. भावाला म्हटलं होतं, पोराला सांग जरा थांबत जा म्हणून."

गल्लीत आल्यावर भाऊजींनी सुस्कारा टाकला. "बिचारी. बहिऱ्या बाईची साक्ष कोण धरणार?"

"तुमची स्कूटर मिळमिळीत आहे हे तिला कसं कळलं?"

"खिडकीतून पाहिली असेल."

"खिडकीपुढे भिंत आहे, भाऊजी." वहिनींनी पर्स काखेत मारली. "मला इन्स्पेक्टरांकडे सोडा."

दुसऱ्या दिवशी दुपारी शिंप्याच्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. बाई होत्या, पुतण्या होता, भाऊजी होते, दाराशी इन्स्पेक्टर. वहिनींनी शिंप्यापुढे कोरं कापड पसरलं.

"मंगळवारी मारलीत तशीच रेघ मारा. थांबायचं नाही."

शिंप्यानं चॉक टेकवला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी घरघर उठली. ती बाईंच्या घरावरून जवळ जवळ येत राहिली आणि दारात येऊन गरजली. पोलिसांच्या ताब्यातली फटाक्याची गाडी एक शिपाई चालवत होता. कपाटातल्या बरण्या किणकिणल्या, कात्री टेबलावर सरकली. शिपाई वळून निघून गेला, तेव्हा कापडावरची रेघ आजारी माणसाच्या सहीसारखी दिसत होती.

वहिनींनी तिच्याशेजारी राखाडी कापड ठेवलं.

"ही मंगळवारची. गाडी दारात गरजत असताना मारलेली. सरळ! गल्लीनं त्या दिवशी आवाज ऐकला, पण हादरा कुणालाच बसला नाही. आक्का तळहातानं ऐकतात. आमची साधी स्कूटरही त्यांना पलंगाच्या दांड्यातून कळली. त्या म्हणतात, दुपारी गाडी आलीच नाही. आणि या बाई गल्लीच्या तोंडाशी राहतात. खरी गाडी आधी त्यांच्या दारावरून गेली असती. त्यांना आवाज एकदम आतून आला."

"मग वाजलं काय?" भाऊजींनी विचारलं.

"फटाक्या काय म्हणाला होता? मोबाइलवर नुसती तडतड, पोटात घुमणारं काही नाही. कर्ण्याचंही तसंच. लांबवर ऐकू जातो, पण टेबल हलवत नाही. खिडक्या लावून बसलेल्या माणसांना तेवढा पुरतो. रेकॉर्डिंग कुणाकडे आहे, कर्णा कुणाचा आहे, घर कुणाला विकायचंय, हे त्यानं स्वतःच आपल्याला सांगितलं. काकांना आधी मारलं, वरच्या खोलीत आवाज लावला आणि तो सुरू व्हायच्या आत इथे माप द्यायला येऊन उभा राहिला."

"आवाज मी लावला असता, तर मी इथे असताना तो सुरू कसा होईल?" पुतण्याचा बसलेला आवाज चिरकला.

इन्स्पेक्टरांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "सकाळी झडती घेतली. तुझ्या ॲम्प्लिफायरमध्येच होता. आधी बराच वेळ काही नाही, मग गाडी."

"शांतता कोण रेकॉर्ड करून ठेवतं रे?" वहिनींनी विचारलं.

पुतण्यानं समोरच्या घराकडे पाहिलं. "आयुष्यभर त्या म्हातारीची भांडी घासत बसू का मी?" तो म्हणाला. शिपायानं त्याला दंडाला धरून नेलं. शिंप्यानं राखाडी कापडाची घडी घातली आणि ते कुठे ठेवावं हे न कळून तसंच हातात धरलं.

संध्याकाळी फटाक्याला सोडलं. चौकीच्या पायरीवर बसून तो बुटांना नाड्या ओवत होता. आत घेताना त्या काढून घेतल्या होत्या. बाई समोर उभ्या राहिल्या. वहिनी आणि भाऊजी स्कूटरपाशी थांबले.

"तू ऐकलंस ते सांगितलंस," तो वर न बघता म्हणाला. "त्याचं काही नाही. पण तुला वाटलं का, मी केलं असेल?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. भाऊजींनी मनातल्या मनात त्यांच्या वतीनं म्हणूनही टाकलं.

"वाटलं," बाई म्हणाल्या. "तू भिंतीकडे तोंड केलंस ना, तेव्हा वाटलं."

नाडी भोकात जाईना. तिचं टोक उसवलं होतं. बाई खाली बसल्या, त्यांनी हात पुढे केला. त्यानं पाय मागे घेतला. दोघंही तशीच राहिली. माणसं त्यांना वळसा घालून पायऱ्या चढत-उतरत होती.

मग उजव्या बुटाची गाठ त्यानं कशीबशी स्वतःच मारली. डावा पाय मात्र तसाच, सैल बुटासकट, तिच्यापुढे ठेवला आणि दुसरीकडे बघत बसला.