चार पिवळ्या गोळ्या

येसाजीने बाटली टेबलावर आपटली. पिवळ्या गोळ्या दवाखानाभर उडाल्या.

“खडू हाय ह्यो! माझी नात खडू खाऊन मेली!”

रघू कंपाउंडर भिंतीला टेकून उभा होता. येसाजीची आठ महिन्यांची नात सगुणा हगवणीने गेली, तिला या गोळ्या रघूनेच दिल्या होत्या. सोमवारी फौजदार त्याला न्यायला मुरुडला येणार होता.

डॉक्टर कमळने एक गोळी उचलली. सगुणेच्या हगवणीचा नमुना तिने आधीच ठेवला होता. दोन्ही घेऊन ती मुंबईच्या प्रयोगशाळेत गेली.

गोळी खरी निघाली. हगवणीचे इतर जंतू गोळीने मारले. सगुणेचे जंतू मात्र तिच्याशेजारी सुखाने वाढले.

पोरीने तर ही गोळी आजारपणाआधी कधी घेतलीच नव्हती. मग तिच्या जंतूंना तोडगा दिला कुणी?

कमळ सगुणेच्या आईच्या, तुळशीच्या ओटीवर जाऊन बसली. तुळशीची चोळी अजून दुधाने भिजत होती.

“घरात या गोळ्या कुणी घेतल्या होत्या?”

“मीच. शिमग्याला पोट बिघडलं व्हतं. चार खाल्ल्या, बरं वाटलं, थांबले.”

“चारच का?”

“पुडीवर तसंच लिवलंय. रघूदादानं वाचून दाखवलं.” तिने ट्रंकेतून पुडी काढून दिली.

कमळने पुडीवरचं अक्षर दोनदा पाहिलं आणि पुडी पिशवीत ठेवली.

“सगुणेला काय भरवायचीस?”

“मऊ भात. चावून.”

कमळने तुळशीचाही नमुना नेला.

सोमवारी दवाखान्यात फौजदारासमोर ती बोलली.

“गुन्हेगार एकटा नव्हता. तुळशीच्या पोटात दोन निरुपद्रवी जंतू सापडले. एकात गोळी परतवणारा जनुकांचा तुकडा होता, पण त्याला तो दुसऱ्या कुणाला देता येत नव्हता. दुसऱ्यात जंतूजंतूंमध्ये पूल बांधणारा तुकडा होता, पण तो जंतू गोळीने मरणारा. एकेकाला हगवणीच्या साध्या, गोळीने मरणाऱ्या जंतूबरोबर ठेवलं, काही झालं नाही. तिघांना एकत्र ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी हगवणीचा जंतू गोळीला भीक घालेना. एकाचा तुकडा दुसऱ्याच्या पुलावरून पार झाला होता. सगुणेच्या पोटात तेच झालं.”

“म्हंजी माझ्या भातानं?” तुळशीने विचारलं.

“जंतू भातातून गेले, पण दोष भाताचा नाही गं. तू औषध पूर्ण घेतलं असतंस, तर पूलवाला मेला असता. अर्ध्यावर थांबलीस, म्हणून दोघे राहिले.”

“थांबायला सांगितलं कुणी?” येसाजी रघूच्या अंगावर धावला.



कमळने पुडी टेबलावर ठेवली. ‘चार गोळ्या. बरं वाटलं की थांबा.’

“औषध कमी यायचं. सगळ्यांना पुरावं, म्हणून मी लिहायचे. अक्षर माझं आहे. रघूला हे पहिल्यापासून माहीत होतं, तरी त्याने माझं नाव घेतलं नाही.”

येसाजीचा हात खाली आला. फौजदाराने टोपी उचलली आणि रघूला न नेताच तो निघाला.

तुळशी टेबलाशी आली.

“डॉक्टरीणबाई, दूध आटायचं औषध हाय?”

“आहे.”

“मंग द्या. आन् किती घ्यायचं, ते नीट लिवा.”